कॅमेऱ्याला न दिसलेली चीर

सकाळी साडेआठला आत्याच्या दारावरची घंटा वाजली. भाच्याने दार उघडलं. बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती. खाकी पाकीट तिने छातीशी असं धरलं होतं, जणू कुणी ते हिसकावून नेईल. तिला धाप लागली होती, पण ती जिन्याची नव्हती. भाच्याला हे लगेच कळलं. लहानपणी दम्याने त्याचा जीव इतक्यांदा घशाशी आणला होता, की भ्यालेल्या माणसाचा श्वास तो डोळे मिटूनही ओळखत असे.

"पोलिसांकडे न्यावा असा गुन्हा माझ्याकडे नाही," खुर्चीत टेकताच ती म्हणाली. "फक्त एक मेलेली म्हातारी आहे. आणि आणखी किती मरतील ते मला ठाऊक नाही."

आत्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. सव्वीस वर्षं तिने कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर लोक आपल्या भानगडी घेऊन तिच्याकडे येत, आणि ती त्या शांतपणे उलगडत बसे. भाचा गाडी चालवी, वह्या सांभाळी आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेई.

"पहिल्यापासून सांगा," आत्या म्हणाली.

बाई एका कारखान्यात क्वालिटी विभागाची प्रमुख होती. सगळे तिला मॅडम म्हणत. कारखान्यात इतर बऱ्याच उपकरणांबरोबर घरी वापरायच्या ऑक्सिजनच्या मशीन तयार होत. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशी माणसं नाकाला नळी लावून दिवसरात्र त्यांच्यावर जगतात. गेल्या महिन्यात अशा दोन मशीन अचानक बंद पडल्या. एका घरात सून शेजारीच बसली होती, म्हणून सासरा वाचला. दुसऱ्या घरातली म्हातारी एकटी होती.

"मशीन बंद पडली की भोंगा वाजत नाही का?" भाच्याने विचारलं.

"ज्या सर्किटवर मशीन चालते, त्याच सर्किटवर भोंगा आहे. सर्किट मेलं की दोन्ही गेलं. मशीन मुकाट बंद पडते." मॅडमने ओठांवरून जीभ फिरवली. "झोपलेल्या माणसाला कळतही नाही."

भाच्याने नकळत एक खोल श्वास घेतला.

"मग सगळ्या परत मागवा."

"बाहेर एकोणीसशे आहेत. बदली द्यायला गोदामात साठ. बाकीच्यांनी श्वास कशावर घ्यायचा? नेमक्या कोणत्या खराब आहेत ते कळलं पाहिजे. आणि ते कळायचा एकच मार्ग होता, तोच आता खोटं बोलतोय."

तिने पाकिटातून दोन मोठे फोटो काढले. सर्किटवरचे भाग जोडणारे सोल्डरचे सांधे, नखाएवढे मोठे करून दाखवलेले. दोन्हींत एकेका सांध्यावर केसासारखी बारीक काळी चीर होती. ती भाच्यालाही दिसली.

"सोल्डरच्या भट्टीतून निघालेल्या प्रत्येक सर्किटचा कॅमेरा फोटो काढतो," मॅडम सांगू लागली. "फोटो बघून कॉम्प्युटर ठरवतो, ठीक की संशयास्पद. एआय आहे. हे फोटो त्या बंद पडलेल्या दोन मशीनचे, कारखान्यातून निघायच्या आधीचे. चीर स्पष्ट दिसतेय. आणि कॅमेऱ्याने शेरा दिलाय, ठीक. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

"म्हणजे कॅमेऱ्याने चीर पाहिली आणि सोडून दिली," आत्या पुटपुटली.

"शुक्रवारी मी जुने फोटो बघायला घेतले. संध्याकाळी माझ्या खणात हे सापडलं."

कागदाचा चौकोनी तुकडा होता. जाड मार्करने लिहिलेली, इकडेतिकडे कललेली मोठी अक्षरं. दुसरी ओळ पहिलीवर चढली होती, त्यामुळे सुरुवातीचा शब्द नुसता काळा गोळा झाला होता. पुढचं वाचता येत होतं: *थांबवा. नाहीतर माणूस जिवानिशी जाईल.*

"चौकशी थांबवा, असं आहे," मॅडम म्हणाली. "तीन रात्री मी झोपले नाहीये. घरी लेक एकटी असते."

आत्याने कागद उजेडात धरला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला. "ओळख लपवायला अक्षर बदललंय म्हणावं, तर अशी गचाळ ओळ कोण लिहील," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

कारखान्यात शिरताना प्रत्येकाला पांढरा डगला आणि टोपी घालावी लागे. आत सगळे सारखेच दिसत. लांबच लांब पट्ट्यावरून हिरवी सर्किटं सरकत होती, भट्टीच्या तोंडातून बाहेर पडून कॅमेऱ्याच्या पेटीखालून जात होती. दर चार सेकंदांनी पेटीत प्रकाश लखलखे आणि हिरवा दिवा लागे. हिरवा, हिरवा, हिरवा.

मॅनेजर जाडजूड, घाईत असलेला माणूस होता. आत्या मॅडमच्या ओळखीची सल्लागार असावी, असं त्याने गृहीत धरलं.

"वर्षापूर्वी हा कॅमेरा दिवसाला चाळीस सर्किटं अडवायचा," तो म्हणाला. "त्यातली पस्तीस बिनदोष असायची. आता नऊ अडवतो. माझा माल वेळेवर निघतो. याला बिघाड म्हणता तुम्ही?"

"कमी अडवावीत असं तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. "सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? इंजिनिअरला म्हटलं, जरा ढील दे. त्याने लेखी नकार दिला. वर साहेबांना प्रत पाठवली."

भाच्याने वहीत मॅनेजरच्या नावापुढे जाड रेघ ओढली.

इंजिनिअर हाडकुळा, नखं खाणारा तिशीतला माणूस होता. कॅमेऱ्याचा एआय त्यानेच बसवला होता. त्याने बदलांची सगळी नोंद उघडून दाखवली. वर्षभरात कुणी एकही आकडा हलवला नव्हता.

"मग तो बदलला कसा?"

"शिकत राहतो, बाई. त्याला संशय आला की सर्किट तपासणीच्या टेबलावर काकूंकडे जातं. काकू मायक्रोस्कोपखाली बघतात. खराब असेल तर लाल बटण, ठीक असेल तर हिरवं. दर शनिवारी तो त्या आठवड्याची बटणं शिकतो. काकूंनी हिरवं दाबलं ते पुढच्या वेळी तो अडवत नाही. म्हणून तर खोटे इशारे कमी झाले."

"दर शनिवारच्या आधीचा तो कसा होता, ते राहतं का?"

"प्रत्येक आठवड्याची प्रत ठेवतो. फोटोही सगळे ठेवतो."

"छान. आता मला एक यादी द्या. गेल्या महिन्यात कॅमेऱ्याने काय काय पकडलं, आणि वर्षापूर्वीच्या त्याच महिन्यात काय पकडलं होतं."

दोन कागद छापून आले. आत्याने ते भाच्याच्या हातात दिले. गेल्या महिन्याच्या कागदावर होतं: भाग गायब, भाग तिरपा बसलेला, भागाचा पाय उचललेला, सोल्डरचा जादा थेंब. वर्षापूर्वीच्या कागदावर हे सगळं होतंच, शिवाय आणखी दोन नोंदी होत्या: केसासारखी चीर, आणि निस्तेज कच्चा सांधा.

"भट्टी सुधारली असेल," भाचा म्हणाला. "चिरा पडायच्या थांबल्या असतील."

"मग मॅडमकडच्या त्या दोन चिरा कुठून आल्या?" आत्याने कागद घडी करून पिशवीत टाकले.

तपासणीचं टेबल हॉलच्या टोकाला होतं. पन्नाशी ओलांडलेल्या काकू ताठ बसल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं त्या इथे होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता दुसऱ्या कारखान्यांत प्रमुख झाली होती. शेजारी सुपरवायझर उभा होता. काकूंच्या मुलीशी त्याचं लग्न झालेलं, म्हणून सगळा हॉल त्याला जावईबापू म्हणे.

"चार, सात, एक, शून्य, नऊ," जावईबापू सर्किटवरच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचत होता. काकू तो बटणांनी टिपत होत्या.

"नंबर तुम्ही का वाचता?" आत्याने विचारलं.

"त्यांचे हात गुंतलेले असतात हो," तो घाईने म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, आणि हॉल तर गार होता.

सर्किटला घाम लागू नये म्हणून इथे बोटांवर पातळ रबरी टोप्या घालत. काकूंच्या नऊ बोटांवर त्या होत्या. उजव्या हाताची तर्जनी उघडी होती.

"त्या बोटाला रबराने खाज येते," विचारायच्या आत काकू म्हणाल्या. मग त्या भाच्याकडे वळल्या. "मॅनेजरसाहेब, आज माल कमी आहे, मी जागेवरच आहे."

"मी मॅनेजर नाही, काकू. पाहुणा आहे."

"अगंबाई. या डगल्यांत सगळे सारखेच." काकू हसल्या. हसताना त्या भाच्याच्या कानाकडे बघत होत्या.

आत्याने भाच्याला डोळ्याने खुणावलं. "जरा मायक्रोस्कोपमधून बघ रे. आयुष्यात संधी मिळायची नाही."

भाच्याने वाकून दोन्ही डोळे भिंगांना टेकवले. सगळं धुरकट होतं. त्याने चाक फिरवलं, तरी काही दिसेना. डोकं वर काढलं तर पलीकडच्या टेबलावरच्या दोघीजणी तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. त्याच्या डोळ्यांभोवती चिकट तपकिरी वर्तुळं उमटली होती.

"सोल्डरचा धूर," मॅडम ओशाळून म्हणाली आणि त्याला रुमाल दिला. "सगळीकडे बसतो."

जावईबापू मात्र हसला नाही. भिंगांकडे बघत तो पांढराफटक उभा होता.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर भाचा खालच्या आवाजात म्हणाला, "आत्या, जावईबापू. नंबर तोच वाचतो. खराब सर्किटं चांगल्या नंबरवर खपवत असेल. चिठ्ठीही त्याचीच. त्याच्या डोळ्यांत भीती बघितलीस ना?"

"बघितली. पण भीती गुन्हेगारालाच वाटते असं तुला कुणी सांगितलं?" आत्या उठली. "सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलाव. आणि इंजिनिअरला सांग, कॉम्प्युटर घेऊन ये."

सहा माणसं लांब टेबलाभोवती बसली. मधल्या काचेतून पट्टा दिसत होता, हिरवा दिवा लागत होता. जावईबापू काकूंच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"मला पहिल्यांदा मॅनेजरांवर संशय आला," आत्या म्हणाली. "पण त्यांनी मागितलेली ढील त्यांना मिळाली नाही. मग इंजिनिअरवर. पण ज्याला कॅमेरा आंधळा करायचाय, तो सगळेच दोष सोडायला लावेल. इथे कॅमेऱ्याने काही दोष सोडले आणि काही अगदी नेमाने पकडले. कोणते सोडले, ते मी या यादीत पाहिलं."

तिने घडी घातलेले कागद टेबलावर पसरले.

"गायब भाग. तिरपा भाग. उचललेला पाय. जादा थेंब. हे चार तो आजही पकडतो. केसासारखी चीर आणि निस्तेज सांधा हे दोन तो विसरला. डोळे मिटा आणि विचार करा. पहिल्या चार आणि शेवटच्या दोन दोषांत फरक कोणता?"

कुणी डोळे मिटले नाहीत. इंजिनिअरने मात्र तोंडातलं नख काढलं. "पहिले चार हाताला लागतात," तो हळूच म्हणाला.

"हाताला लागतात. चीर आणि चकाकी फक्त डोळ्याला कळते. कॅमेऱ्याला बोट नाही, नुसता डोळा आहे. तरीही बोटाला कळतं तेवढंच बघायला तो शिकला. तो ज्याच्याकडून शिकतो, ते माणूस बोटाने तपासत होतं."



"टोपी न घातलेलं एक बोट. धुराची काजळी बसलेली भिंगं, ज्यांना कित्येक महिने कुणी डोळा लावलेला नाही, नाहीतर ती काजळी पुसली गेली असती. मोठ्याने वाचून दाखवावे लागणारे नंबर. माझ्या भाच्याला मॅनेजर समजणं. आणि बोलताना माणसाच्या कानाकडे बघणं." आत्याचा आवाज मऊ झाला. "काकू, मधलं दिसत नाही ना? फक्त कडेचं दिसतं?"

काकूंनी मान खाली घातली नाही. ताठ बसूनच त्या म्हणाल्या, "ज्याच्याकडे बघते, तेच दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही."

"मी सांगितलं होतं त्यांना, रजा घ्या म्हणून," जावईबापू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नंतर मीच गप्प बसलो. मला वाटलं, कॅमेरा आहे ना. कॅमेरा चुकणार नाही."

"आणि मला वाटलं, माझं बोट आहे ना," काकू म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांचं बोट. कॅमेरा अडवायचा, मी बोट फिरवायची, काही लागायचं नाही. हिरवं दाबायची. तो माझ्याकडून शिकतोय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती म्हातारी गेल्यावर इंजिनिअरांनी जेवणाच्या सुट्टीत कुणाला तरी समजावलं, ते कानावर पडलं."

"मग मला धमकी का दिलीत?" मॅडमने विचारलं.

"त्यांनी धमकी दिलीच नाही," आत्याने चिठ्ठी मध्ये ठेवली. "आपली ओळ कुठे संपली ते दिसत नसलेल्या माणसाने हे लिहिलंय. दुसरी ओळ पहिल्या शब्दावर चढली. तो शब्द 'चौकशी' आहे हे तुम्ही भीतीने ठरवलंत. काकू, काय लिहिलं होतंत?"

"मशीन," काकू म्हणाल्या. "मशीन थांबवा. नाव घालायचा धीर झाला नाही."

मॅडमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडायला वेळ नाही," आत्या इंजिनिअरकडे वळली. "नऊ महिन्यांपूर्वीच्या शनिवारची प्रत काढा. काकूंचे डोळे शाबूत असताना शिकलेला कॅमेरा. तेव्हापासून बनलेल्या, बाहेरच्या आणि गोदामातल्या, सगळ्या ऑक्सिजन मशीनचे फोटो त्याच्यापुढे पुन्हा ठेवा."

जुन्या कॅमेऱ्याने दोनशे बारा सर्किटं संशयास्पद म्हणून बाहेर काढली. मॅडम आणि तिच्या दोन तपासनिसांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. बंद पडलेल्या दोन्ही मशीन त्यांत निघाल्या, तेव्हा वाट बरोबर आहे हे सगळ्यांना कळलं. दुपारी अडीचला यादी एकतीसवर आली. त्यांतल्या दोन आधीच गेलेल्या. उरल्या एकोणतीस.

मॅनेजरने पट्टा स्वतःच्या हाताने बंद केला. गोदामातून निर्दोष ठरलेल्या बदली मशीन गाड्यांत भरल्या गेल्या. मॅडम, मॅनेजर, इंजिनिअर, सगळे फोनला चिकटले. "नळी काढू नका. शेजाऱ्यांना जवळ बसवा. आमचा माणूस निघालाय." भाचा नावांपुढे खुणा करत होता. साडेचारला अठ्ठावीस खुणा झाल्या. एका नंबरवर घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना.

"पत्ता जवळचाच आहे," जावईबापू म्हणाला. "मी मशीन उचलतो."

"मीपण येणार," काकू म्हणाल्या. कुणी नको म्हणायच्या आत त्या जिना उतरू लागल्या होत्या.

भाच्याने गाडी कशी हाणली ते त्याला पुढे आठवलं नाही. तिसरा मजला, अरुंद जिना. जावईबापू मशीन खांद्यावर घेऊन चढत होता. दारापाशी भाच्याने कान लावला. अशा मशीनची सतत घुरघुर असते. आत काहीच आवाज नव्हता. त्याची छाती आवळली, अगदी लहानपणीसारखी, आणि त्याने दारावर मुठी मारल्या.

शेजारच्या बाई धावत आल्या. त्यांच्याकडे किल्ली होती. "आत्ता तासाभरापूर्वी बोलले माझ्याशी," त्या पुटपुटत होत्या आणि किल्ली भोकात जात नव्हती.

आत खाटेला टेकून म्हातारा बसला होता. नाकात नळी होती. मशीनवर एकही दिवा नव्हता. त्याचे ओठ जांभळे पडले होते, आणि डोळे अर्धवट उघडे.

जावईबापूने तारा खेचल्या, नवी मशीन जोडली. भाच्याने नळी बदलली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. घुरघुर सुरू झाली. काकूंनी म्हाताऱ्याच्या पाठीला हात लावला, तर्जनी त्याच्या बरगडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"चालतोय," त्या म्हणाल्या. "बारीक आहे. पण चालतोय."

शेजारणीने रुग्णवाहिकेला फोन केला. ती यायच्या आधी दहा मिनिटं गेली. भाचा प्रत्येक श्वास मोजत होता. हळूहळू ओठांचा रंग बदलला. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि आपल्या पाठीशी असलेल्या अनोळखी बाईकडे बघितलं.

"तुम्ही डॉक्टर?" त्याने पुसटसं विचारलं.

"नाही. तुमची मशीन मी तपासली होती. ठीक आहे म्हणून मीच सोडली," काकू म्हणाल्या. "मला दिसत नव्हतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही."

जावईबापूने तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने नव्या मशीनकडे मान वळवली.

"आणि ही?"

"ही दुसऱ्यांनी तपासलीय," काकू म्हणाल्या. "डोळे असलेल्यांनी."

त्याने मान हलवली. काकूंचा हात झटकून टाकायची ताकद त्याच्यात होती की नाही, ते भाच्याला कळलं नाही. त्याने तो झटकला नाही. खाली रस्त्यावर रुग्णवाहिका थांबल्याचा आवाज येईपर्यंत तो हात तिथेच, त्याच्या बरगडीवर राहिला.